जुन्या कॉम्प्युटरला दुसरा फ्लॉपी ड्राइव्ह बसवताना

फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा कॉम्प्युटर चालू केल्यापासून बंद करेपर्यंत जळतच राहिला, तर ड्राइव्ह जोमात चाललाय असं समजू नका. केबल उलटी लागलीय. गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या शहापुरातल्या एका छापखान्यात मला बोलावणं आलं ते या दिव्यापायीच. छापखानेवाल्या काकांनी जुन्या बाजारातून साडेतीन इंची ड्राइव्ह आणला, पुतण्याकडून बसवून घेतला, आणि "लाईट लागलीय की, म्हणजे चालू हाय न्हवं?" म्हणत पहिलीच फ्लॉपी घातली ती गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिकेची. ती उघडली नाही. नंतर चांगल्या ड्राइव्हमध्ये घातली तरी उघडली नाही.

असं का झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फ्लॉपीच्या ३४ पिनांच्या केबलमध्ये एक सोडून एक तार अर्थिंगची, म्हणजे ग्राउंड असते. सगळ्या विषम पिना ग्राउंड, सगळ्या सम पिना सिग्नल. हे सिग्नल शून्य व्होल्टला आले की 'चालू' धरले जातात. केबल उलटी बसली की ग्राउंडच्या तारा सिग्नलच्या पिनांवर येतात, आणि ड्राइव्हला वाटतं सगळे हुकूम एकदम सुटलेत: मोटर फिरव, दिवा लाव, आणि लिही सुद्धा. वाचणारं-लिहिणारं हेड बहुतेक वेळा चकतीच्या पहिल्या ट्रॅकवर, म्हणजे पहिल्या गोल पट्ट्यावर उभं असतं. तो पुसला जातो, आणि फायलींची यादी नेमकी तिथंच असते.

तेव्हा ड्राइव्ह बसवल्यावर पहिली घालायची ती फ्लॉपी अशी असावी की गेली तरी जेवण गोड लागेल. आणि जुन्या फ्लॉपीवर काहीही झालं तरी लिहायचं नाही, फक्त वाचायचं.

कुठला ड्राइव्ह आणायचा

काकांचं मशीन ३८६ (पेन्टियमच्या आधीच्या प्रोसेसरचं), आडवं मोठं कॅबिनेट, त्यात सव्वापाच इंची १.२ एमबीचा एकच ड्राइव्ह, आणि तोही मेलेला. कपाटात दोन प्रकारच्या फ्लॉप्या: सव्वापाच इंची मऊ, आणि नंतरच्या साडेतीन इंची कडक. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशा पत्रिका तर शेकड्यानं. जुन्या फॉन्टमधला तो मजकूर आजच्या कॉम्प्युटरवर उघडला तर अक्षरांची खिचडी दिसते, म्हणून हेच मशीन जिवंत ठेवायचं होतं. ठरलं असं की साडेतीन इंची ड्राइव्ह ए, म्हणजे कॉम्प्युटरचा पहिला ड्राइव्ह करायचा, आणि कुठूनतरी सव्वापाच इंची मिळवून तो बी, म्हणजे दुसरा करायचा.

साडेतीन इंची मिळणं अवघड नाही. पेन्टियम थ्री-फोरच्या काळातली कॅबिनेटं अजून भंगारात येतात, त्यातला सोनी, मित्सुमी, टीॲक, पॅनासोनिक, सॅमसंग कुठलाही चालतो. सव्वापाच इंची मात्र शोधावा लागतो. हुबळीच्या एका भंगारवाल्याला फोन केला तर "इल्ल री" (नाही हो) एवढंच उत्तर आलं. बेळगावकराला एक बरं आहे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळुरूचा एसपी रोड दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळं ज्या गावाला पाहुणे जाणार असतील त्यांच्या गळ्यात काम घालता येतं. आमचा ड्राइव्ह बेंगळुरूहून आला, टीॲकचा एफडी-५५जीएफआर. हे मॉडेल मिळालं तर डोळे झाकून घ्या.

सव्वापाच इंचीत दोन जाती आहेत, आणि बाहेरून त्या सारख्या दिसतात. एक ३६० केबीची: ४० ट्रॅक, मिनिटाला ३०० फेरे. दुसरी १.२ एमबीची: ८० ट्रॅक, ३६० फेरे. १.२ चा ड्राइव्ह ३६० च्या फ्लॉप्या वाचतो, उलटं होत नाही. म्हणून वाचण्यासाठी एकच घ्यायचा तर १.२ चाच घ्या.

तुमचं मशीन साडेतीन इंची १.४४ ओळखेल का, हा दुसरा प्रश्न. ज्या कंट्रोलरवर (फ्लॉपी चालवणाऱ्या सर्किटवर) १.२ चा ड्राइव्ह चालतो त्यावर १.४४ चालायला विजेची काही अडचण नसते, कारण दोन्हींचा वेग सेकंदाला ५०० किलोबिट असा एकच आहे. अडचण असते ती बायोसची, म्हणजे मशीन चालू होताच सगळे भाग ओळखणाऱ्या प्रोग्रामची. एका ट्रॅकवर १५ ऐवजी १८ सेक्टर आहेत हे त्याला माहीत असावं लागतं. ३८६ आणि त्यापुढच्या बहुतेक मशीनच्या सेटअपमध्ये १.४४ चा पर्याय असतो. २८६ मध्ये नसेल तर डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॉन्फिग फाईलमध्ये 'ड्राइव्हपार्म' ची ओळ टाकून, त्यात एफ पुढं ७ देऊन भागतं. २८६ च्याही आधीच्या एक्सटी मशीनच्या मूळ कार्डांचा वेग २५० चाच, तिथं साडेतीन इंचीचा ड्राइव्ह ७२० केबीच्या पुढं जात नाही.

पाना हातात घेण्याआधी पेन घ्या

मशीन चालू होत असेल तर सेटअपमध्ये जा (बहुतेक ठिकाणी डिलीट बटण, काही जुन्यांत कंट्रोल-ऑल्ट-एस्केप) आणि पहिल्या पानावरचं सगळं कागदावर उतरवून घ्या. खास करून हार्ड डिस्कचे आकडे: सिलिंडर, हेड, सेक्टर. ३८६ च्या बऱ्याच बायोसमध्ये डिस्क आपोआप ओळखण्याची सोय नसते, हे आकडे टाईप ४७ खाली हातानं भरलेले असतात. हलवाहलवीत सेल सैल झाला की ते उडतात, आणि मग तुम्ही फ्लॉपी दुरुस्त करायला बसलेले असता आणि हार्ड डिस्कच गायब होते. माझं एकदा असं झालंय, खानापूरला. आकडे डिस्कच्या वरच्या स्टिकरवर मिळाले म्हणून अब्रू वाचली. मोबाईलनं फोटो काढला तरी चालेल, पण जुन्या मॉनिटरचा फोटो पट्टे पट्टे येतो, नीट बघून घ्या.

मदरबोर्डवर सिगारेटच्या तुकड्याएवढा निळा किंवा हिरवा गोल सेल असेल तर तो ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियमचा. आमच्याकडच्या दमट हवेत हे सेल हमखास फुटतात. आजूबाजूला हिरवट-पांढरी बुरशीसारखी खरवड दिसली तर ड्राइव्ह बाजूला ठेवा आणि आधी सेल काढा. त्यातून येणारा पदार्थ क्षारधर्मी असतो, तो पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडनं पुसायचा, मग साध्या पाण्याचा बोळा, मग स्पिरिट. तो तसाच राहिला तर बोर्डावरचे तांब्याचे रस्ते खातो.

आता मशीन बंद करा, आणि प्लग भिंतीतून उपटा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही. जुन्या एटी कॅबिनेटमध्ये पुढच्या पॅनेलवरच्या बटणापर्यंत घरातली २३० व्होल्टची वायर आलेली असते, आणि ते बटण असतं ड्राइव्हच्या खणाला लागून. रबरी टोपण निघालेलं असेल तर हात लागायला वेळ लागत नाही. आजकालच्या मशीनवर हात बसलेली पोरं इथंच चुकतात.

जुना काढताना

कॅबिनेट उघडलं की जुन्या ड्राइव्हला दोन गोष्टी जोडलेल्या दिसतील: चपटी राखाडी केबल आणि चार तारांचा पॉवरचा कनेक्टर. केबलच्या एका कडेला लाल पट्टा असतो, तो पिन १ कडं. कुठल्या बाजूला होता याचा फोटो घ्या. कनेक्टर काढताना केबल ओढू नका, प्लॅस्टिकला धरून डावी-उजवीकडं हलवत काढा.

स्क्रू मी कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. पण एकाच डब्यात सगळे टाकू नका. फ्लॉपी ड्राइव्हचे स्क्रू बारीक आट्याचे, एम-३. हार्ड डिस्कचे जाड आट्याचे. जाड आट्याचा स्क्रू फ्लॉपीच्या भोकात रेटला तर दोन फेऱ्यांत आटे जातात. लांब स्क्रूही नको, आत टोक शिरून यंत्रणेला घासतं.

साडेतीन इंची ड्राइव्ह सव्वापाचच्या खणात बसवायचा तर पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची चौकट लागते. नाही मिळाली तर फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या वाकवून घ्या, आमचं तेवढ्यावर भागलं. चारही स्क्रू आधी सैल लावा, ड्राइव्ह खणात सरळ बसला की मग आलटून पालटून आवळा. एका कोपऱ्यावर जोर पडला तर ड्राइव्हची चौकट पीळ खाते, आणि फ्लॉपी आत जाते पण बाहेर यायला नखरे करते.

जंपर, आणि ती पिळलेली केबल

सगळा गोंधळ होतो तो इथं, म्हणून जरा सावकाश वाचा.

प्रत्येक ड्राइव्हला आपला एक नंबर असतो, तो जंपरनं, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीनं ठरतो. ड्राइव्हच्या मागच्या बाजूला किंवा खाली बोर्डावर डीएस०, डीएस१, डीएस२, डीएस३ असं लिहिलेलं दिसेल. पीसीत ए असो की बी, दोन्ही ड्राइव्ह डीएस१ वरच ठेवायचे. काही कंपन्यांनी मोजणी १ पासून केलीय, तिथं डीएस१ ते डीएस४ असतं. तसं असेल तर डीएस२. थोडक्यात, दुसरा नंबर. नंतरच्या साडेतीन इंचीत जंपर नसतातच, कारखान्यातूनच दुसरा नंबर पक्का केलेला असतो.

मग दोघांचा नंबर एकच असेल तर कॉम्प्युटर ओळखतो कसं? त्यासाठी केबलमध्ये पीळ आहे. नीट बघा, शेवटच्या कनेक्टरच्या आधी मधल्या सात तारा, १० ते १६, कापून उलट्या वळवलेल्या असतात. त्या सातांत दोन्ही ड्राइव्हचे 'निवड' आणि 'मोटर' हे हुकूम आहेत. पिळामुळं त्यांची अदलाबदल होते. पिळाच्या पुढं, म्हणजे केबलच्या टोकाला जो बसतो तो ए. पिळाच्या अलीकडं, मधल्या कनेक्टरवर जो बसतो तो बी. जंपर हलवून ए-बी करायच्या भानगडीत पडू नका, ड्राइव्ह केबलवर पुढं-मागं करा.

पीळ नसलेली सरळ केबल मिळाली तर टोकाला लावलेला ड्राइव्हही बी होतो. ही गोष्ट माहीत नसेल तर माणूस चांगला ड्राइव्ह भंगारात टाकतो.

साडेतीनच्या ड्राइव्हवर पिनांच्या दोन ओळी असतात, सव्वापाचवर मात्र बोर्डाचीच सोनेरी कड बाहेर आलेली असते. दोघांना वेगळे कनेक्टर. दोन्ही प्रकारचे कनेक्टर असलेली पाच तोंडांची केबल मिळते, तीच घ्या. सव्वापाचच्या सोनेरी कडेत एक बारीक खाच असते, ती पिन १ च्या बाजूला. खाचेकडं लाल पट्टा, एवढं लक्षात ठेवलं की चुकत नाही. साडेतीनवर पिन १ बहुतेक वेळा पॉवरच्या कनेक्टरकडं असते, पण 'बहुतेक' या शब्दावर विश्वास ठेवू नका. बोर्डावर १ किंवा २ असा बारीक आकडा छापलेला असतो, टॉर्च मारून तो शोधा. केबलच्या दुसऱ्या टोकालाही, म्हणजे मशीनमधल्या ज्या आय-ओ कार्डवर ती लागते तिथं, हेच. शहापुरात चूक ड्राइव्हकडं नव्हतीच, कार्डाकडं होती. पुतण्या ड्राइव्हची बाजू चार वेळा तपासून बसला होता.

सव्वापाचच्या बोर्डावर कंगव्यासारखा एक काळा किंवा पिवळा रेझिस्टर पॅक सॉकेटमध्ये बसवलेला असेल, तो टर्मिनेटर. नियम असा की तो फक्त केबलच्या टोकाच्या ड्राइव्हवर असावा. आपला सव्वापाच मधल्या कनेक्टरवर आहे, म्हणून मी तो काढून एका पाकिटात घालून ड्राइव्हलाच चिकटवून ठेवला. खरं सांगायचं तर नाही काढला तरी बहुतेक वेळा चालतं.

पॉवरचं मात्र गमतीत घेऊ नका. सव्वापाचला मोठा चार पिनांचा कनेक्टर, साडेतीनला छोटा. पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. छोटा कनेक्टर घाईत एक पिन सरकून किंवा जोर लावून उलटा बसू शकतो, आणि मग ५ च्या जागी १२ गेले की ड्राइव्हचा धूर निघतो. एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) छोटा कनेक्टर नसेल तर मोठ्याचा छोटा करणारी वायर मिळते, पण गल्लीतल्या वायरींत रंगांचा भरवसा नसतो. मल्टिमीटर लावून बघा, मगच ड्राइव्हला जोडा.

हेड, बुरशी आणि आपला पाऊस

जुना ड्राइव्ह आणला की तो चालवायच्या आधी साफ करावा लागतो. आमच्या भागात तर लागतोच. जूनपासून चार महिने कपाटातल्या चपला पांढऱ्या होतात, तिथं फ्लॉपीची काय कथा. बुरशी चकतीवर धरते, चकतीवरून हेडला चिकटते, आणि हेडवरून पुढच्या फ्लॉपीला. एका खराब फ्लॉपीनं दहा चांगल्या खरवडलेल्या मी पाहिल्या आहेत.

ड्राइव्हचं वरचं पत्र्याचं झाकण काढा. आत दोन हेड दिसतात, खालचं पक्कं, वरचं एका नाजूक हातावर. वरचा हात उचलून धरायचा मोह होतो. धरू नका, किंवा धरलाच तर केसाएवढा. त्याची पट्टी एकदा वाकली की हेडची जागा बिघडते, आणि मग तो ड्राइव्ह स्वतः लिहिलेल्या फ्लॉप्याच वाचतो, दुसऱ्याच्या नाही. आयसोप्रोपाईल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, इअरबडला ओलं करून हेडच्या पांढऱ्या गुळगुळीत भागावरून हळू फिरवा. तपकिरी डाग बोळ्यावर आला की दुसरा बोळा घ्या. बोळा पांढरा निघेपर्यंत. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं स्पिरिट नको, त्यात पाणी जास्त.

हेड ज्या दांड्यांवरून पुढं-मागं सरकतं त्यावरचं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, थेंबच, बोटानं लावा. फार जुन्या सव्वापाच ड्राइव्हमध्ये खालच्या बाजूला रबरी पट्टा असतो. तो चिकट गूळ झालेला असेल तर ड्राइव्ह बदलणंच शहाणपणाचं.

फ्लॉपीही बघून घ्या. साडेतीनची पत्र्याची झडप बाजूला सरकवून मागचं गोल चाक बोटानं फिरवा, चकतीवर धुकट ठिपके दिसतात का पाहा. सव्वापाचची लंबगोल खिडकी उघडीच असते. ठिपके दिसले की ती फ्लॉपी वेगळ्या ढिगात, सगळ्यात शेवटी वाचायची. काकांच्या कपाटातला भिंतीकडचा खण जवळजवळ पूर्ण असा होता; भिंतीला ओल होती.

सेटअप आणि पहिली परीक्षा

झाकण उघडंच ठेवून मशीन चालू करा. सुरुवातीला ड्राइव्हचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे, हेड 'टर्र' करून मागं गेलं पाहिजे. दिवा लागूनच राहिला तर लगेच बंद, केबल बघा. दिवा लागलाच नाही तर पॉवर, नाहीतर जंपर.

सेटअपमध्ये ए ला १.४४, साडेतीन इंची. बी ला १.२, सव्वापाच इंची असं भरा आणि साठवून बाहेर या. हे आकडे चुकीचे भरले की चांगला ड्राइव्हही 'जनरल फेल्युअर' देतो. 'फ्लॉपी डिस्क्स फेल, ४०' किंवा 'एफडीडी कंट्रोलर फेल्युअर' आलं तर बायोसला ड्राइव्ह सापडलेलाच नाही: केबल निघालीय, पॉवर नाही, किंवा तुम्ही जो टोकाला समजताय तो मध्ये लागलाय.

आता ती टाकाऊ फ्लॉपी घ्या. फॉरमॅट करा, एखादी फाईल टाका, वाचा. मग दुसरी टाकाऊ फ्लॉपी घ्या, जिच्यावर वेगळ्याच फायली आहेत. पहिली घालून डीआयआर (फायलींची यादी दाखवणारा डॉसचा हुकूम) मारा, यादी बघा. पहिली काढा, दुसरी घाला, पुन्हा डीआयआर मारा.

यादी पहिल्या फ्लॉपीचीच आली का? बेंगळुरूच्या ड्राइव्हनं आम्हाला हेच केलं. काका म्हणाले, "ह्यात भूत शिरलंय." भूत पिन ३४ वर बसलेलं असतं. पीसीला या पिनेवर 'फ्लॉपी बदलली' असा निरोप हवा असतो. इतर यंत्रांसाठी बनवलेले ड्राइव्ह तिथं 'मी तयार आहे' असा निरोप देतात. निरोप चुकीचा गेला की डॉसला वाटतं फ्लॉपी तीच आहे, आणि ते जुनीच यादी दाखवतं. वाचताना हे नुसतं विचित्र. लिहायला गेलात तर पहिल्या फ्लॉपीचा नकाशा धरून दुसऱ्यावर लिहितं आणि दुसरी बरबाद. ड्राइव्हच्या बोर्डावर आरवाय आणि डीसी अशी अक्षरं शोधा. जंपर आरवाय वर असेल तर काढून डीसी वर बसवा. आमचं भूत तेवढ्यावर गेलं. जंपर सापडलाच नाही तर केबलमधली ३४ ची तार तुटलेली नाही ना, तेही बघा. ती कडेचीच तार असते आणि पत्र्याला घासून कापली जाते.

याच पिनेमुळं उद्यमबागच्या कारखानदारांना आणि वडगाव-खासबागच्या मागवाल्यांना एक सांगून ठेवतो. तुमच्या सीएनसी (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या) मशीनचा किंवा मागावर नक्षी काढणाऱ्या जकार्डच्या कंट्रोलरचा फ्लॉपी ड्राइव्ह मेला म्हणून पीसीतला काढून तिथं लावू नका. केबल बसते, स्क्रू बसतात, पण त्या यंत्राला ३४ वर 'तयार आहे' हवं असतं आणि नंबरही बहुधा डीएस० लागतो. जुन्या ड्राइव्हचं मॉडेल आणि जंपरांचा फोटो घेऊनच दुकानात जा. तिथं पेनड्राइव्ह लावायचा गोटेकचा डबा जास्त सोयीचा, त्याचे जंपर हवे तसे लावता येतात. काकांसाठी तो डबा निरुपयोगी, कारण त्यांना जुन्या फ्लॉप्या वाचायच्या होत्या, आणि डब्यात फ्लॉपी जात नाही.

आता वाचायला घ्या

प्रत्येक फ्लॉपी घालण्याआधी तिला लिहिण्यापासून बंद करा. इथं दोन्ही जाती एकमेकींच्या उलट वागतात. साडेतीनचं कोपऱ्यातलं भोक उघडं ठेवलं की लिहिणं बंद. सव्वापाचची कडेची खाच चिकटपट्टीनं झाकली की लिहिणं बंद. पारदर्शक पट्टी लावू नका, बरेच ड्राइव्ह ती खाच प्रकाशानं तपासतात आणि पारदर्शक पट्टीतून प्रकाश आरपार जातो. काळी इन्सुलेशनची पट्टी लावा.

३६० केबीच्या फ्लॉपीवर १.२ च्या ड्राइव्हनं का लिहू नये, हे लोक पुन्हा पुन्हा विचारतात, "वाचतंय तर लिहिलं म्हणून काय झालं?" भिंतीवर चार बोटं रुंद चुन्याचा पट्टा ओढलाय असं समजा. त्यावर दोन बोटांच्या ब्रशनं गेरूचा पट्टा ओढला, तर कडेला चुना उरतोच. १.२ चं हेड अरुंद, ते रुंद ट्रॅकच्या मधोमध अरुंद ओळ लिहितं. त्याला स्वतःला ती ओळ वाचता येते. पण जुना ३६० चा ड्राइव्ह आपल्या रुंद हेडनं गेरू आणि चुना दोन्ही एकदम वाचतो आणि गोंधळतो.

आम्ही पद्धत अशी ठेवली. हार्ड डिस्कवर प्रत्येक फ्लॉपीसाठी वेगळी डिरेक्टरी, तिला फ्लॉपीवर पेननं लिहिलेला नंबर. बी मधून हार्ड डिस्कवर, तिथून ए मधल्या नव्या साडेतीनवर, आणि साडेतीन यूएसबीच्या फ्लॉपी ड्राइव्हनं पुतण्याच्या लॅपटॉपवर. यूएसबीचे ड्राइव्ह साडेतीनच घेतात, सव्वापाचचा यूएसबी ड्राइव्ह दुकानात मिळत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. १.२ च्या फ्लॉपीत जास्तीत जास्त १२,२८,८०० बाइट, १.४४ च्या फ्लॉपीत १४,७४,५६०. एक सव्वापाच एका साडेतीनमध्ये बसते, तुकडे करावे लागत नाहीत.

'अबॉर्ट, रिट्राय, फेल' आलं तर रिट्राय दोन-तीन वेळा मारा, त्याहून जास्त नको. खराब जागेवर हेड घासत राहिलं की लेप निघतो. खरखर आवाज आला तर फ्लॉपी लगेच बाहेर काढा आणि पुढची घालण्याआधी हेड पुन्हा पुसा. फ्लॉपी थोडा वेळ खोलीतच राहू द्या, मग घाला. पावसात बाहेरून आणलेली थंड फ्लॉपी तशीच घातली तर चकतीवर दमटपणा धरलेला असतो. लाईट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर त्या वेळी फ्लॉपी आत ठेवू नका.

बुरशीच्या ढिगातल्या निम्म्या तरी वाचल्या, आणि काही एकाच फाईलपुरत्या. स्मरणिका परत आली नाही, तिची छापील प्रत मंडळाकडं आहे, ती स्कॅन करायची ठरलंय. काम संपल्यावर काकांनी खिळ्याच्या जाड टायपात एक पट्टी छापली आणि सव्वापाचच्या तोंडावर चिकटवली. वर मराठीत 'फक्त वाचणे', खाली कन्नडमध्ये तेच. पुतण्या विचारत होता, कन्नडमध्ये कशाला, इथं मशीनला हात लावणारे आपण दोघंच की. काका म्हणाले, "सवय हाय रे."